ऑईलच्या नटाचे आटे

डाळजहून भिगवणला, बारामतीला किंवा इंदापूरला जायचे तर घराचा सगळा भार मोटारसायकलवर असतो. सकाळी दुधाचे कॅन, मग मुलांची शाळा, दुपारी अम्मीचा दवाखाना, संध्याकाळी बाजार. म्हणूनच अनेक घरांत सुट्टीच्या दिवशी अब्बा किंवा थोरला मुलगा अंगणात गाडी उभी करून ऑईल स्वतःच बदलतात. ही सवय चांगली आहे. मजुरी वाचते, डब्यातले ऑईल आपल्या डोळ्यांदेखत इंजिनात पडते आणि मुले हाताने काम करायला शिकतात.

पण या कामात एका छोट्या वस्तूपायी मोठे नुकसान होते. ती म्हणजे जुने ऑईल सोडण्यासाठी इंजिनाच्या तळाला असलेला बोल्ट. पुस्तिकेत त्याला ड्रेन बोल्ट म्हणतात, बोलताना आपण त्याला ऑईलचा नट म्हणतो.

शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीत साधारण एक लिटर ऑईल असते. ते सगळे या एका नटाच्या भरवशावर. आटे झिजलेला नट थरथरीने सैल होऊन रस्त्यात पडला, तर ऑईल बघता बघता निघून जाते. ते मागच्या टायरखाली आले तर गाडी घसरते. तसेच पुढे गेलो तर पिस्टन सिलिंडरला धरतो, इंजिन जाम होते आणि मागचे चाक चालता चालता अडकू शकते. पुणे-सोलापूर महामार्गावर मागून उसाचा ट्रक येत असताना असे झाले तर काय होईल, हे सांगायला नको.

आटे का जातात?

नट पोलादाचा असतो आणि इंजिनाची बॉडी ॲल्युमिनियमची. ॲल्युमिनियम मऊ. त्यामुळे नट जास्त पिळला की आधी बॉडीतले आटे जातात. नट नवा आणता येतो, बॉडी बदलायची म्हणजे सगळे इंजिन उघडावे लागते.

नट जास्त पिळला जातो तो ‘गळायला नको’ या काळजीने. शाळेत साधी यंत्रे शिकवताना तरफ येते. हात जेवढा लांब, तेवढा पीळ जास्त. समजा, पुस्तिकेत २५ न्यूटन-मीटर पीळ सांगितला आहे (हा आकडा गाडीगणिक वेगळा असतो). वीतभर पान्याच्या टोकाला साडेबारा किलो वजन टांगावे, एवढाच तो जोर. पान्याला पाईप जोडून लांबी दुप्पट केली की तेवढ्याच जोराने पीळही दुप्पट होतो. पान्यावर पाय देणाऱ्याचा तर हिशेबच करायला नको.

दुसरे कारण दिशेची गफलत. नटाचे डोके जमिनीकडे असते. खालून डोक्याकडे पाहिले तर घड्याळाच्या उलट फिरवल्यावर तो सैल होतो. वरून वाकून पाहणाऱ्याला हीच दिशा घड्याळासारखी दिसते. त्यामुळे माणूस सैल करतो आहे असे समजून घट्टच करत राहतो.

तिसरे कारण जुना वायसर. मऊ धातूचा हा वायसर दाबला जाऊन फट बंद करतो. एकदा चपटा झालेला वायसर पुन्हा तसा बसेलच असे नाही. मग थेंब येतात आणि आपण नट आणखी पिळतो. खरे तर गळती वायसर थांबवतो, जोर नव्हे.

झीज कशी ओळखावी आणि काय करावे?

नुसते थेंब येत असतील तर नट काढून बसण्याची जागा पुसावी आणि नवा वायसर टाकावा.

नटाचे कोपरे गोल झाले असतील तर स्क्रू पाना लावू नये. सहा कोनांचा सॉकेट नीट दाबून बसवावा. इंजिन कोमट असताना नट सहज निघतो. तो टाकून नवा आणावा. दुकानात जुना नट सोबत न्यावा. जाडी आणि आट्यांतले अंतर दोन्ही जुळले पाहिजे. ‘जवळपास सारखा’ नट जोराने घातला तर बॉडीतले उरलेले आटेही जातात.

नटाला चकचकीत चुरा किंवा तारेसारखे वेटोळे चिकटून आले, अथवा नट घट्ट न होता फिरतच राहिला, तर बॉडीतले आटे गेले असे समजावे. इथे टेप गुंडाळणे किंवा एमसील लावणे हा उपाय नव्हे. टेपचा तुकडा आत जाऊन ऑईलची जाळी अडवू शकतो आणि लांबी उष्णतेने, थरथरीने कधी सुटेल याचा नेम नसतो. ती गाडी चालवू नये, टेम्पोतून न्यावी.

अशा वेळी दोन मार्ग आहेत. एक, थोडा जाड, स्वतःच आटे पाडत जाणारा नट. तो स्वस्त पडतो, पण तिरका गेला तर गळतो, कधी बॉडीला चीरही पडते. त्याला तात्पुरता उपाय मानावे. दुसरा, हेलीकॉइल. यात जुने भोक थोडे मोठे करून नवे आटे पाडतात आणि त्यात पोलादी तारेचे वेटोळे बसवतात. मूळ मापाचाच नट पुन्हा चालतो आणि आटे पहिल्यापेक्षा मजबूत होतात. हे काम सराव असलेल्या मेकॅनिककडून किंवा लेथवाल्याकडून करून घ्यावे. भोक पाडताना आत पडलेला चुरा थोडे ऑईल ओतून धुऊन काढला का, हे आवर्जून विचारावे.

ऑईल बदलताना

गाडी मधल्या स्टँडवर घ्यावी. इंजिन कोमट असावे, कढत नको, हात भाजतो. नट परत लावताना आधी फक्त बोटांनी फिरवावा. अडला तर तिथेच थांबून उलटा काढावा आणि पुन्हा सरळ धरावा. पाना शेवटीच लावावा. ऑईल भरून इंजिन दोन-तीन मिनिटे चालवावे, खाली पाहावे. दुसऱ्या दिवशीही एकदा पाहावे.

काढलेले ऑईल ओढ्यात, बांधावर सोडू नये. २०१६ च्या केंद्रीय नियमांनुसार ते घातक कचऱ्यात मोडते आणि आपल्या ओढ्यांचे पाणी शेवटी उजनीतच जाते. ते झाकणाच्या कॅनमध्ये साठवून, जुने ऑईल अधिकृत गोळा करणाऱ्याला देणाऱ्या गॅरेजमध्ये द्यावे.

एक गोष्ट पालकांसाठी. आटे जातात तेव्हा पाना बहुतेक मुलाच्या हातात असतो. रागावण्याची भीती असेल तर तो लांबी लावून गप्प बसेल आणि उद्या त्याच गाडीवर त्याची बहीण मागे बसेल. ‘अब्बा, नट फिरतच राहतोय’ हे त्याला त्याच संध्याकाळी सांगता आले पाहिजे. मोठ्यांनाही हाच नियम लागू आहे. आटे गेलेली गाडी विकायची असेल तर घेणाऱ्याला ते आधी सांगावे. तोही आपली मुले तिच्यावरच बसवणार आहे.