एक्सप्लेनर : कॅप्टन अमेरिका विरुद्ध आयर्न मॅन, कोल्हापूरला हा वाद नवा का नाही?

एकाच बाजूने लढलेले दोन वीर एक दिवस समोरासमोर उभे राहतात. दोघांचंही म्हणणं पटतं. मग साथ कुणाला द्यायची? 'मार्व्हल'च्या 'सिव्हिल वॉर' या कॉमिक मालिकेने २००६ मध्ये हा प्रश्न वाचकांपुढे ठेवला. २०१६ मध्ये त्याच कल्पनेवर चित्रपट आला आणि तरुणाई 'टीम कॅप' आणि 'टीम आयर्न मॅन' अशी वाटली गेली. कोल्हापूरने मात्र हा प्रश्न तीनशे वर्षांपूर्वी प्रत्यक्ष अनुभवला आहे. करवीरची गादी अशाच फुटीतून उभी राहिली.

कॉमिकमध्ये नेमकं काय घडतं?

मार्क मिलर यांचं लेखन आणि स्टीव्ह मॅकनिव्हन यांची चित्रं असलेली ही सात अंकांची मालिका. टीव्हीवरच्या रिअॅलिटी शोसाठी काही तरुण सुपरहिरो गुन्हेगारांच्या अड्ड्यावर छापा टाकतात. त्यात स्टॅमफर्ड शहरात स्फोट होतो आणि सहाशेहून अधिक लोक मरतात. मृतांमध्ये शाळकरी मुलंही असतात. लोक संतापतात. सरकार कायदा आणतं : प्रत्येक सुपरहिरोने खरी ओळख नोंदवायची आणि सरकारच्या हाताखाली काम करायचं.

दोघांचं म्हणणं काय?

आयर्न मॅन म्हणतो, ताकद आहे तर जबाबदारीही हवी. पोलिसाला प्रशिक्षण आणि ओळखपत्र लागतं, मग आपल्याला का नको? कॅप्टन अमेरिका म्हणतो, आज नावं दिली तर उद्या कुणाशी लढायचं हेही सरकारच ठरवेल. अमेरिकेत २००१ च्या दहशतवादी हल्ल्यानंतर 'सुरक्षा की स्वातंत्र्य' हा वाद पेटलेला होता. मालिकेला त्याचीच पार्श्वभूमी आहे.

कोल्हापूरशी याचा संबंध काय?

१६८९ मध्ये छत्रपती संभाजीराजांची हत्या झाली. रायगड पडला. येसूबाई आणि सात वर्षांचे शाहू मोगलांच्या कैदेत गेले. (हे शाहू म्हणजे संभाजीराजांचे पुत्र, राजर्षी शाहू महाराज नव्हेत.) पुढे छत्रपती राजाराम महाराजांनी जिंजीहून लढा चालवला. १७०० मध्ये त्यांचं निधन झालं. महाराणी ताराराणींनी आपल्या लहान मुलाला गादीवर बसवलं आणि औरंगजेबाशी सात वर्षं झुंज दिली. सेनापती धनाजी जाधव, परशुरामपंत प्रतिनिधी, रामचंद्रपंत अमात्य हे सगळे तेव्हा एकाच फळीत होते.

१७०७ मध्ये औरंगजेब मेला. मोगलांनी शाहूंना सोडलं आणि गादीवर दोन दावे उभे राहिले.

शाहूंचा दावा रक्ताचा होता : थोरल्या शाखेचा वारस मी. ताराराणींचा दावा कर्तृत्वाचा होता : गेलेलं राज्य आम्ही लढून राखलं, मोगल छावणीत वाढलेल्या राजपुत्राला ते आयतं का द्यायचं? शाहूंच्या आई येसूबाई तेव्हाही मोगलांच्या ताब्यात होत्या. त्यामुळे शाहू मोगलांपुढे झुकतील, ही शंका अगदीच निराधार नव्हती. दोन्ही युक्तिवादांत दम होता.

बाजू बदलणारा गद्दार असतो का?

अशा गोष्टीत खरी कसोटी दोन नेत्यांची नसते, मधे सापडलेल्याची असते. कॉमिकमध्ये तो स्पायडरमॅन आहे. आयर्न मॅनवर विश्वास ठेवून तो पत्रकार परिषदेत मुखवटा काढतो. पण खटला न चालवता जुन्या साथीदारांना डांबलेला तुरुंग पाहून तो कॅप्टनकडे जातो. ओळख उघड झाल्याची किंमत त्याच्या घराला मोजावी लागते. त्याच्यासाठी झाडलेली गोळी मे काकूंना लागते.

आपल्याकडे ही जागा धनाजी जाधवांची. ताराराणींनी त्यांना शाहूंवर पाठवलं. ऑक्टोबर १७०७ मध्ये भीमाकाठी खेडला फौजा भिडल्या. धनाजींनी हात आखडता घेतला आणि ते शाहूंना मिळाले. परशुरामपंत मात्र ताराराणींशी एकनिष्ठ राहिले. धनाजी १७०८ मध्ये वारले. १७११ मध्ये त्यांचेच पुत्र चंद्रसेन शाहूंना सोडून ताराराणींकडे आले. बापलेकांची निष्ठा अशी उलट्या दिशांना गेली. यातल्या कुणाला एका शब्दात 'गद्दार' म्हणायचं?

शेवटी जिंकलं कोण?

कॉमिकच्या शेवटी आयर्न मॅन कोसळलेला असतो. कॅप्टन अखेरचा घाव घालणार, तोच अग्निशमन दलाचे जवान आणि साधी माणसं त्याला धरतात. उद्ध्वस्त शहर पाहून तो स्वतःहून शरण जातो.

इथे मात्र भांडण २४ वर्षं चाललं. १७१४ मध्ये करवीरमध्येही फूट पडली. राजसबाईंनी आपले पुत्र संभाजी यांना गादीवर बसवलं. ताराराणी आणि त्यांचा मुलगा कैदेत गेले. अखेर एप्रिल १७३१ मध्ये वारणेचा तह झाला. वारणा ही सीमा ठरली आणि सातारा व करवीर ही दोन राज्यं मान्य झाली. सुपरहिरोंना न जमलेला तोडगा इथे एका नदीने दिला.

२०२२ मध्ये शिवसेना आणि २०२३ मध्ये राष्ट्रवादी फुटल्यापासून 'निष्ठावंत' आणि 'गद्दार' हे शब्द गावागावांत रोज कानावर पडतात. हे शिक्के मारणं सोपं आहे. त्याआधी दोन प्रश्न विचारायला हवेत : त्याने बाजू बदलली ती काय पाहून? आणि त्याची किंमत कुणी मोजली, त्याने स्वतः की इतरांनी? उत्तर दर वेळी तेच येईल असं नाही.

कावळा नाक्यावर ताराराणींचा अश्वारूढ पुतळा आहे. तिथून पुण्याच्या वाटेला लागलं की पुढे वारणा येते. आजही बऱ्याच अंतरापर्यंत कोल्हापूर आणि सांगली या दोन जिल्ह्यांची हद्द तीच आहे.