नाव पोर्टचं, नंबर व्हीलॅनचा

लिनक्स सर्व्हरला दोन नेटवर्क कार्डं असली, की पूर्वी रीबूटची धास्ती वाटायची. कर्नलला जे कार्ड आधी सापडेल ते ‘इथ०’, मागून येईल ते ‘इथ१’. ड्रायव्हर मागेपुढे लोड झाले, तर नावांची अदलाबदल. फायरवॉलचे नियम मात्र नावावरच लिहिलेले. मग ऑफिससाठी उघडं ठेवलेलं दार थेट इंटरनेटला उघडं!

जानेवारी २०१३मध्ये सिस्टमडी या लिनक्सच्या सिस्टम मॅनेजरच्या १९७व्या आवृत्तीने नाव जागेला बांधलं. ‘ईएनपी३एस०’ म्हणजे इथरनेट, पीसीआय बस ३, स्लॉट ०. मदरबोर्डवरच्या पोर्टला ‘ईएनओ१’. दिसायला ओबडधोबड, पण रीबूटनंतरही तेच. तरीही नवं कार्ड बसवल्यावर बसचे क्रमांक सरकू शकतात आणि नाव बदलतं. म्हणून अनेक ॲडमिन लिंक फाइल लिहून कार्डाच्या मॅक ॲड्रेसला ‘लॅन०’सारखं नाव देतात. मर्यादा १५ अक्षरांची.

पोर्ट एकच आणि ऑफिस, सीसीटीव्ही, पाहुण्यांचं वायफाय अशी जाळी वेगळी हवीत, तर व्हीलॅन लागतं. १९९८च्या ८०२.१क्यू मानकानुसार प्रत्येक फ्रेममध्ये ४ बाइटांचा टॅग घुसतो. त्यातले १२ बिट व्हीलॅनच्या क्रमांकाचे. ० आणि ४०९५ राखीव, उरतात ४०९४. स्विचचं पोर्ट ट्रंक (अनेक व्हीलॅन वाहणारं) करायचं आणि लिनक्सवर ‘आयपी लिंक ॲड लिंक लॅन० नेम लॅन०.१० टाइप व्हीलॅन आयडी १०’ अशी एक ओळ द्यायची. रीबूटनंतर टिकायला हवं, तर तेच कॉन्फिगमध्ये लिहायचं.

खरी गोम इथेच आहे. ‘लॅन०.१०’ आपल्या मूळ कार्डाचाच मॅक ॲड्रेस घेतं. लिंक फाइलमध्ये नुसता मॅक जुळवला असेल, तर हे व्हीलॅनही त्या नियमात सापडतं. सिस्टमडीचा नावं देणारा भाग, यूडेव्ह, त्यालाही ‘लॅन०’ म्हणायला जातो; नाव आधीच मूळ कार्डाला दिलेलं असतं, म्हणून लॉगमध्ये तक्रार उमटते. उपाय सोपा: ‘मॅकॲड्रेस’ऐवजी ‘पर्मनंटमॅकॲड्रेस’ जुळवायचा. तो फक्त खऱ्या कार्डाला असतो.

मग नाव बांधायचं कशाला, स्लॉटला की मॅकला? रॅकमधलं जळालेलं कार्ड काढून त्याच स्लॉटमध्ये दुसरं बसवायचं असेल, तर स्लॉटवरचं नाव बरं. नव्या कार्डाचा मॅक वेगळा असणार. वरचेवर कार्डं वाढत असतील, तर मॅकच भरवशाचा. उद्या यंत्रात काय बदलणार, याचा अंदाज घेऊनच नाव ठेवावं.