तंजावरचे पाद्री श्वार्ट्झ

ख्रिश्चन फ्रीडरिक श्वार्ट्झ हे जर्मन लुथरन पाद्री १७५० साली भारतात आले आणि मायदेशी परत गेलेच नाहीत. तमिळ प्रदेशात त्यांनी सुमारे ४८ वर्षे धर्मसेवा केली. तंजावरच्या भोसले घराण्यातील दोन पिढ्यांशी त्यांचा निकटचा संबंध आला, त्यामुळे मराठी इतिहासातही त्यांची नोंद घ्यावी लागते.

त्यांचा जन्म १७२६ साली प्रशियातील सोनेनबुर्ग गावी झाला. शिक्षणासाठी ते हाले येथे गेले. साधी राहणी, बायबलचे मनन आणि दीनदुबळ्यांची सेवा यांवर भर देणाऱ्या लुथरन भक्तिपंथाचे हे प्रमुख केंद्र होते. भारतातून परतलेले मिशनरी बेंजामिन शुल्झ यांच्याकडे ते तेथेच तमिळ शिकले. १७४९ मध्ये कोपनहेगनला पाद्रीपदाची दीक्षा घेऊन पुढच्या वर्षी ते डेन्मार्कच्या ताब्यातील तरंगमबाडीला पोहोचले. झिगेनबाल्ग यांनी १७०६ मध्ये सुरू केलेले लुथरन मिशन या बंदरातच होते.

पुढे त्यांनी त्रिचनापल्लीला मुक्काम हलवला. तेथे स्थानिक ख्रिस्ती मंडळीबरोबरच इंग्रज पलटणीतील शिपायांची उपासना आणि त्यांच्या मुलांची शाळा त्यांनी सांभाळली. तमिळखेरीज फारसी, हिंदुस्तानी, पोर्तुगीज व मराठी या भाषाही त्यांनी आत्मसात केल्या. ते अविवाहित राहिले. गरजा मोजक्या ठेवून हाती येणारा पैसा शाळा, चर्च आणि अनाथ मुलांवर खर्च करत.

तंजावरच्या तुळजाराजांशी त्यांचा स्नेह जुळला आणि १७७८ मध्ये ते तंजावरला स्थायिक झाले. १७७९ मध्ये मद्रासच्या गव्हर्नरने त्यांना बोलणी करण्यासाठी श्रीरंगपट्टणला म्हैसूरच्या हैदर अलीकडे पाठवले. युद्ध टळले नाही, पण हैदरने त्यांचा आदर केला. त्याने वाटखर्चासाठी दिलेली रक्कम श्वार्ट्झ यांनी स्वतःसाठी वापरली नाही. ती अनाथ मुलांच्या शाळेच्या कामी आली. पुढच्या वर्षी युद्ध पेटले आणि तंजावरच्या किल्ल्यात अन्नाची टंचाई झाली. दाम बुडेल या भीतीने शेतकरी सरकारी अधिकाऱ्यांना धान्य द्यायला तयार नव्हते. श्वार्ट्झ यांनी पैशाची हमी दिली तेव्हा धान्य आणि बैल किल्ल्यात आले. राजदरबार, इंग्रजांची ईस्ट इंडिया कंपनी आणि रयत या तिघांचाही विश्वास लाभलेला असा माणूस त्या काळात विरळाच. १७८५ च्या सुमारास तंजावर, रामनाड व शिवगंगा येथे इंग्रजी शाळा उभ्या राहिल्या, त्यांतही त्यांचा पुढाकार होता.

१७८७ मध्ये मृत्यूपूर्वी तुळजाराजांनी दहा वर्षांच्या सरफोजीला दत्तक घेतले आणि त्याचा सांभाळ करण्याची विनंती श्वार्ट्झ यांना केली. राज्यकारभार पाद्र्याने हाती घेऊ नये, या विचाराने त्यांनी राजबंधू अमरसिंगांचे नाव सुचवले. मात्र दत्तकविधान अवैध ठरवून कंपनीने अमरसिंगांनाच गादी दिली आणि सरफोजीचे हाल होऊ लागले. तेव्हा श्वार्ट्झ यांनी त्याची बाजू घेतली. मुलाला मद्रासला हलवण्यात आले. तेथे लुथरन मिशनरी गेरिके यांच्या देखरेखीखाली त्याचे शिक्षण झाले. दत्तकविधानाचा पुन्हा विचार होऊन जून १७९८ मध्ये सरफोजी गादीवर बसले. हा दिवस श्वार्ट्झ यांना पाहायला मिळाला नाही. त्याच वर्षी १३ फेब्रुवारीला त्यांचे तंजावरमध्ये निधन झाले होते.

त्यांच्या कामाला मर्यादाही होत्या. मंडळीतील जातिभेद त्यांनी मोडून काढला नाही. चर्चमध्ये वेगवेगळ्या जातींचे लोक वेगळे बसत. हा प्रश्न पुढच्या पिढीला तीव्रतेने भेडसावला. पण स्थानिक माणसे घडवण्यावर त्यांचा भर होता. त्यांच्या तालमीत तयार झालेल्या सत्यनाथन यांना १७९० मध्ये पाद्रीपदाची दीक्षा मिळाली आणि वेदनायगम शास्त्री तमिळ ख्रिस्ती कवी म्हणून नावारूपाला आले.

सरस्वती महाल ग्रंथालय समृद्ध करणारे सरफोजीराजे अखेरपर्यंत हिंदूच राहिले. श्वार्ट्झ यांच्या स्मरणार्थ त्यांनी इंग्लिश शिल्पकार जॉन फ्लॅक्समन यांच्याकडून संगमरवरी शिल्प घडवून घेतले आणि ते तंजावरच्या चर्चमध्ये बसवले. मृत्युशय्येवरील पाद्र्याचा हात हाती घेतलेले सरफोजीराजे त्यावर कोरलेले आहेत.