इंग्रज नाटककार एकबोर्न व त्यांचा विनोद

विनोद म्हणजे दुसऱ्याची फजिती, अशी पुष्कळांची समजूत असते. कोणी घसरून पडला की हशा पिकतो. वर्गात कोणाची जीभ अडखळली की खसखस पिकते. आणि ज्याच्यावरून हसू आले त्याच्या मनात त्या वेळी काय चालले होते, याची चौकशी करण्याची गरज कोणास वाटत नाही. असा विनोद घटकाभर करमणूक करतो खरा, पण मनुष्यास अधिक शहाणा करीत नाही. याहून निराळ्या, हसवता हसवता प्रेक्षकाचे मन जागे करणाऱ्या विनोदाचे स्वरूप ज्यांस समजून घ्यावयाचे असेल, त्यांनी सर ॲलन एकबोर्न या इंग्रज नाटककाराच्या नाटकांकडे वळावे. त्या नाटकांचा अल्प परिचय आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस करून द्यावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

एकबोर्न यांचा जन्म १९३९ साली लंडन येथे झाला. वडील वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवीत. आई नियतकालिकांसाठी गोष्टी लिहीत असे. सतराव्या वर्षी शाळा सोडून ते नाटकमंडळीत शिरले आणि १९५७ साली इंग्लंडच्या ईशान्येकडील किनाऱ्यावरील स्कारबरो या गावी आले. उन्हाळ्याच्या सुटीत हवा खाण्यास येणाऱ्या लोकांनी हे गाव गजबजून जाते. तेथील सार्वजनिक ग्रंथालयाच्या इमारतीतील एका दालनात स्टीफन जोसेफ या नाट्यप्रेमी गृहस्थांनी १९५५ साली एक लहानसे नाट्यगृह सुरू केले होते. एकबोर्न तेथे रंगमंचाची व्यवस्था पाहत व लहानमोठ्या भूमिकाही करीत. मिळालेल्या भूमिकेबद्दल ते कुरकुर करू लागले, तेव्हा जोसेफ यांनी त्यांस सांगितले की, अधिक चांगली भूमिका हवी असेल तर तसे नाटकच लिहून आणावे. या सूचनेचे फळ म्हणजे १९५९ साली टोपणनावाने रंगभूमीवर आलेले ‘द स्क्वेअर कॅट’ हे त्यांचे पहिले नाटक. तेव्हापासून लेखणी अखंड चालू राहिली व २०२४ साली नाटकांची संख्या नव्वदीस पोहोचली. १९७२ पासून २००९ पर्यंत त्या नाट्यसंस्थेची धुराही त्यांनीच वाहिली. राजधानीत कीर्ती मिळाल्यावरही त्यांची बहुतेक नाटके प्रथम स्कारबरो येथेच होत आणि मागाहून लंडनला जात. १९९७ साली त्यांस ‘सर’ ही पदवी मिळाली.

या नाट्यगृहाची रचना ध्यानात घेतल्यावाचून एकबोर्न यांची कला नीट समजणार नाही. आमच्या शाळांच्या संमेलनात रंगमंच दालनाच्या एका टोकास असतो. तीन बाजू झाकलेल्या, समोर पडदा व पडद्यापुढे प्रेक्षक. जोसेफ यांच्या नाट्यगृहात मध्यभागी नट आणि त्यांच्या चारही बाजूंस प्रेक्षक बसत. तेथे दर्शनी पडदा नाही आणि रंगविलेले उंच देखावेही नाहीत, कारण त्यांनी कोणा ना कोणाची दृष्टी अडली असती. थाटमाटाने प्रेक्षकास दिपविणे शक्य नसल्यामुळे नाटककारास सारी मदार माणसांच्या स्वभावावर व प्रसंगाच्या घडणीवर ठेवावी लागली. साधनांची उणीव कल्पकतेस कशी चालना देते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

आता काही नाटकांकडे वळू. जोसेफ यांनी एकबोर्न यांजकडे एक साधी मागणी केली होती: पावसाने सुटीचा विरस झालेले लोक अंग कोरडे करावयास नाट्यगृहात शिरतील, त्यांस मनमुराद हसवील असे नाटक हवे. त्यातून १९६५ साली जे नाटक झाले ते पुढे १९६७ साली ‘रिलेटिव्हली स्पीकिंग’ या नावाने लंडनमध्ये गाजले. ग्रेग नावाच्या तरुणास जिनी नावाच्या तरुणीशी विवाह करावयाचा आहे. आईवडिलांस भेटावयास जाते असे सांगून ती एका रविवारी निघते. वस्तुतः एका प्रौढ, विवाहित गृहस्थाशी असलेला जुना संबंध तोडण्यासाठी ती चाललेली असते. ग्रेगला पत्ता सापडतो व तो तिच्याही आधी त्या घरी जाऊन पोहोचतो. घरातील फिलिप व शीला हे दांपत्य म्हणजेच तिचे आईवडील, असे समजून तो मोठ्या अदबीने विवाहास संमती मागतो. फिलिपला मात्र वाटते की हा परका तरुण आपल्याच पत्नीशी लग्न लावावयास आला आहे! एका लबाडीतून गैरसमजांची माळ गुंफली जाते. खरी हकीकत ठाऊक असते ती प्रेक्षकास. पात्रांस जे दिसत नाही ते आपणांस दिसते, म्हणून आपण हसतो.

हेच तत्त्व ‘हाउ द अदर हाफ लव्हज’ या १९६९ सालच्या नाटकात आणखी पुढे नेले आहे. एकाच रंगमंचावर दोन कुटुंबांचे दिवाणखाने एकमेकांत मिसळून मांडलेले असतात. दोन घरांतील माणसे एकमेकांजवळून जातात, पण परस्परांस पाहत नाहीत. एक पाहुणे दांपत्य गुरुवारी एका घरी व शुक्रवारी दुसऱ्या घरी जेवावयास जाते. या दोन्ही मेजवान्या आपल्यापुढे एकाच वेळी चालतात आणि ते बिचारे जोडपे खुर्च्यांवर इकडून तिकडे वळत दोन्ही घरी जेवत असते.

येथवरचा विनोद निर्मळ गमतीचा वाटेल. परंतु १९७२ सालच्या ‘ॲब्सर्ड पर्सन सिंग्युलर’ या नाटकात त्यास निराळे वळण लागते. त्यात तीन अंक, तीन वर्षांच्या नाताळच्या आदल्या संध्याकाळी आणि तीन घरांची स्वयंपाकघरे. मेजवानी पलीकडच्या खोलीत चालते. आपण मात्र स्वयंपाकघरात बसून आतली बाजू पाहतो. दुसऱ्या अंकात ईव्हा नावाची गृहिणी दुःखाने इतकी खचली आहे की ती जिवावर उदार झालेली आहे. जवळजवळ संपूर्ण अंकभर ती एक शब्दही बोलत नाही. भोवती पाहुणे आहेत आणि ते सारे साहाय्यास तत्पर आहेत. परंतु ती शेगडीपाशी ओणवलेली दिसताच एकीला वाटते, हिला शेगडी स्वच्छ करावयाची आहे, आणि ती स्वतःच घासावयास बसते. ती दिव्याखाली दिसताच दुसऱ्यास वाटते, हिला दिवा बदलावयाचा आहे. त्यांच्या या निष्फळ परोपकारावर नाट्यगृहात हशा उसळतो. पण हसता हसता प्रेक्षकाच्या मनास चटका बसतो, की यांपैकी एकानेही तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहिले नाही! ती माणसे दुष्ट नाहीत. ती आपापल्या उद्योगात गुंतलेली आहेत. दुष्टपणापेक्षा हे दुर्लक्ष आपल्या अधिक परिचयाचे आहे, आणि म्हणूनच तो हशा आपल्यावरही उलटतो.

पुढील वर्षी आलेला ‘द नॉर्मन कॉन्क्वेस्ट्स’ हा तीन नाटकांचा संच आहे. एकाच घरातील सहा माणसांची एकाच आठवड्याच्या अखेरची हकीकत एका नाटकात जेवणाच्या खोलीत, दुसऱ्यात दिवाणखान्यात व तिसऱ्यात बागेत घडते. प्रत्येक नाटक स्वतंत्रपणे पाहता येते; परंतु एका खोलीतून संतापून निघून गेलेला मनुष्य दुसऱ्या खोलीत कोणत्या अवस्थेत शिरला, हे दुसरे नाटक पाहिल्यावर कळते आणि पहिल्या वेळचे आपले मत बदलावे लागते. या सर्व गोंधळात माडीवर अंथरुणास खिळलेली वृद्ध आई आहे. तिन्ही नाटके संपतात, तरी ती एकदाही आपल्या दृष्टीस पडत नाही. १९९९ साली तर त्यांनी ‘हाउस’ व ‘गार्डन’ ही दोन नाटके एकाच वेळी दोन रंगमंचांवर, त्याच नटसंचाकडून करविली. एका रंगमंचावरून निघालेला नट दुसऱ्या नाटकातील आपला प्रवेश गाठावयास धावत असे!

इतकी कारागिरी कशासाठी, असा प्रश्न कोणी करील. आमच्या मते त्याचे उत्तर ‘वुमन इन माइंड’ या १९८५ सालच्या नाटकात मिळते. सुझन ही एका धर्मोपदेशकाची पत्नी. बागेतील दंताळ्यावर पाय पडून त्याचा दांडा तिच्या डोक्यास लागतो आणि तिला एक प्रेमळ, सुखी, पण सर्वस्वी काल्पनिक कुटुंब दिसू लागते. खरा पती आपल्या पॅरिशचा इतिहास लिहिण्यात मग्न आहे. मुलगा दुरावलेला आहे. येथे प्रेक्षकास तिच्याच डोळ्यांनी पाहावे लागते व तिच्याच कानांनी ऐकावे लागते. आरंभी डॉक्टरांचे बोलणे तिला निरर्थक वाटते, तसेच ते आपणांसही वाटते. इतर नाटकांत सर्व काही जाणणारा प्रेक्षक येथे पात्राइतकाच आंधळा होतो, आणि पलीकडच्या खोलीत काय चालले आहे हे न कळणे किती भयंकर असते, ते त्यास अनुभवाने समजते.

विद्यार्थी मित्रांनो, नाट्यगृहातील आसन आपणांस प्रत्यक्ष जीवनात मिळत नाही. दोन्ही घरे एकाच वेळी दिसावीत अशी सोय तेथे नाही. शेजारच्या बाकावरील मुलगा आज गप्प का, पाहुण्यांच्या गडबडीत आई स्वयंपाकघरात एकटीच का राहिली, हे विचारल्यावाचून कळत नाही. एकबोर्न यांची नाटके उपदेश करीत नाहीत. ती पोटभर हसवितात. पण ज्याने ती लक्षपूर्वक वाचली, तो पुढच्या वेळी कोणास हसण्यापूर्वी त्याच्या चेहऱ्याकडे एकदा तरी पाहील, अशी आमची खात्री आहे.