बेल्यातली रील, पुण्यातला कौल

आदिलाबाद जिल्ह्यातल्या बेला किंवा जैनद भागातल्या शेतकऱ्यांसाठी कुणी गुलाबी बोंडअळीवर मराठीत पाच मिनिटांचा व्हिडिओ केला, तर तो टाकण्याआधी अडतं ते थंबनेलवरच्या मजकुरापाशी. ‘कापूस असा वाचवा’ लिहावं की ‘अळीनं घात केला’? नुसत्या अंदाजावर विसंबण्याची आता गरज नाही. यूट्यूब एका व्हिडिओला तीनपर्यंत थंबनेल लावू देतं, ती वेगवेगळ्या प्रेक्षकांना दाखवतं आणि कोणत्या चित्रामुळे व्हिडिओ जास्त वेळ पाहिला गेला ते सांगतं. इन्स्टाग्रामनं डिसेंबर २०२४मध्ये ‘ट्रायल रील’ आणली. त्यात रील आधी फॉलोअर नसलेल्यांना दाखवली जाते आणि चालली तर आपल्या लोकांपुढे आणता येते. मेख इथेच आहे. मराठी रीलसाठी अनोळखी मराठी प्रेक्षक शोधला, तर तो आदिलाबादकडच्या पैनगंगेकाठचाच निघेल याची खात्री नाही. पुण्या-मुंबईचा निघण्याचा संभव जास्त. आदिलाबादची मराठी तेलुगू, गोंडी, कोलामी, लंबाडी आणि उर्दूच्या शेजारात वाढलेली. तिचा हेल कानाला वेगळा लागला म्हणून शहरातल्या कुणाचा अंगठा दोन सेकंदांत पुढे सरकला, तर रील करणाऱ्याला आकडे सांगणार, तुझी भाषा चालत नाही. खरं तर ज्याच्यासाठी रील केली, त्याला कुणी विचारलेलंच नाही.

चाचणीची पद्धत चुकीची आहे, असं मला म्हणायचं नाही. एकाच वेळी, सारख्याच प्रकारच्या लोकांना, चिठ्ठ्या टाकून वाटावेत तसे दोन नमुने दाखवले, तर फरक नमुन्याचा की वेळेचा हा घोळ उरत नाही. सकाळी एक मथळा आणि संध्याकाळी दुसरा, ही चाचणी नव्हे. संध्याकाळी शेतकरी घरी असतो, एवढंच त्यातून कळतं. अडचण संख्येची आहे. एका थंबनेलवर शंभरातले ५ जण क्लिक करतात आणि दुसऱ्यावर ६, हा फरक नशिबाचा नाही असं नेहमीच्या संख्याशास्त्रीय खात्रीनं म्हणायचं, तर प्रत्येक थंबनेल सुमारे ८,००० वेळा दिसायला हवं. २०११च्या जनगणनेनुसार आजच्या आदिलाबाद जिल्ह्याच्या हद्दीत माणसं जेमतेम ७ लाख; त्यातली मराठी समजणारी, कापूस पेरणारी आणि त्या आठवड्यात फोन उघडणारी किती, याचा हिशेब करून बघावा. दोनशे जणांत १० आणि १४ क्लिक आले, तर १४वाल्याला विजयी ठरवणं म्हणजे नाणेफेकीलाच सामना समजणं. लहान चॅनलनं बारीक फरकांमागे लागूच नये. एकात गावचा शेतकरी बोलतो, दुसऱ्यात अधिकारी, असे ठळक फरक तेवढे तपासावेत.

ज्याच्यासाठी कार्यक्रम केला त्यालाच विचारून तो तपासण्याचं काम मराठी गावांत सत्तर वर्षांपूर्वी झालेलं आहे. १९५६मध्ये आकाशवाणीनं युनेस्कोच्या साह्यानं पुणे आणि आसपासच्या मराठी जिल्ह्यांतल्या सुमारे १५० गावांत रेडिओ श्रोत्यांचे गट तयार केले. आठवड्यातून दोनदा कार्यक्रम ऐकायचा, त्यावर चर्चा करायची आणि प्रश्न केंद्राकडे पाठवायचे. त्यांची उत्तरं पुढच्या प्रसारणात मिळत. टाटा समाजविज्ञान संस्थेनं याचं मूल्यमापन केलं, तेव्हा गट नसलेली गावंही तुलनेला घेतली, काही रेडिओ असलेली आणि काही नसलेली. आजच्या भाषेत तो ‘कंट्रोल ग्रुप’. गट असलेल्या गावांत ज्ञान ठळकपणे वाढलेलं दिसलं. मोजलं काय, हे इथे महत्त्वाचं: रेडिओ किती वेळ चालू होता याऐवजी ऐकणाऱ्याला आधी काय माहीत होतं आणि नंतर काय.

यावर कुणी म्हणेल, क्लिक हाच प्रेक्षकाचा प्रामाणिक कौल. आपण कोण त्यापलीकडे जाणारे? पण क्लिक नक्की कशाला मिळते? अमेरिकेतल्या ‘अपवर्दी’ संकेतस्थळानं २०१३ ते २०१५ या काळात मथळ्यांच्या हजारो चाचण्या केल्या. त्या चाचण्यांच्या अभ्यासात सरासरी लांबीच्या मथळ्यात प्रत्येक जादा नकारात्मक शब्दामागे क्लिकचं प्रमाण सुमारे २.३ टक्क्यांनी वाढलेलं आढळलं. अमेरिकेचा नियम आदिलाबादला तंतोतंत लागू होईल असं नाही, पण ‘घात’ हा शब्द ‘वाचवा’वर मात करील, असा माझा तरी कयास आहे. उलट बाजूचा आक्षेप अधिक गंभीर: लोकांवर असे प्रयोग करणंच गैर. फेसबुकनं २०१२मध्ये सुमारे ६,८९,००० जणांच्या फीडमधला आनंदी-दुःखी मजकूर त्यांना न सांगता कमी-जास्त करून पाहिला आणि २०१४मध्ये ते प्रसिद्ध होताच मोठा गदारोळ उठला. तो रास्तच होता. तरीही कुणाच्या भावनांशी गुपचूप खेळणं वेगळं आणि एकाच खऱ्या माहितीची दोन वेष्टनं दाखवणं वेगळं. दोन्ही वेष्टनं खरी असली म्हणजे झालं.

उरतो उपाय, आणि तो फोनबाहेरचा आहे. कापूस विकायला बाजार समितीत आलेल्या वीस शेतकऱ्यांना भाषेप्रमाणे गट पाडून प्रत्येक गटात चिठ्ठ्या टाकून एकेक नमुना दाखवावा. घरी गोंडी बोलणाऱ्याला ही मराठी कुठे अडते, हे कुठल्याच आलेखात दिसत नाही, पण समोरासमोर लगेच कळतं. मग एवढंच विचारावं: बोंडअळीसाठी लावलेल्या कामगंध सापळ्यात एका रात्रीत किती पतंग सापडले, आणि ते सलग किती रात्री, म्हणजे फवारणीचा विचार करायचा? आठ पतंग, तीन रात्री, हे उत्तर जो नमुना पाहून ठळकपणे जास्त जणांना देता येईल, तो ठेवावा, मग त्याला क्लिक कमी का मिळेनात.