दहा हजार संगणकांचा नकाशा आणि सहारनपूरचे लाकूड

सहारनपूरच्या नक्षीदार पेट्या आणि तिपाया शिसम व आंब्याच्या लाकडाच्या असतात. हा माल घेणारा युरोपचा व्यापारी आता विचारतो, हे झाड कोणत्या जमिनीवरचे? युरोपियन युनियनने २०२३ साली तसा कायदाच केला. ३१ डिसेंबर २०२० नंतर जंगल उजाड करून मिळवलेले लाकूड तेथील बाजारात येता कामा नये आणि जमिनीचे अक्षांश-रेखांश दिले पाहिजेत. अंमलबजावणी पुढे ढकलली गेली, पण कायदा रद्द झालेला नाही.

कागदावरचे खरे की खोटे, हे उपग्रहाच्या चित्रांवरून ताडता येते. पण चित्रे लाखोंनी. ती तपासायची कशी? लग्नसराईत मोठी ऑर्डर आली म्हणजे जरीवाला माल वीस घरी वाटतो आणि शेवटी गोळा करतो. ग्रिड संगणनाची कल्पना हीच. पृथ्वीच्या चित्राचे चौकोन पाडायचे, प्रत्येक चौकोन वेगळ्या संगणकाकडे द्यायचा आणि उत्तरे जोडून एक नकाशा करायचा. एका चौकोनातील झाडे मोजायला दुसऱ्याची वाट पाहावी लागत नाही, म्हणून हे जमते. आज हीच सोय क्लाउडच्या नावाने भाड्याने मिळते.

अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठाच्या मॅथ्यू हॅन्सन यांच्या गटाने २०१३ साली असाच नकाशा काढला. लँडसॅट उपग्रहाची ६,५४,१७८ चित्रे गूगलच्या दहा हजार संगणकांवर वाटली. एका संगणकाला १५ वर्षे लागली असती, ते काम काही दिवसांत झाले. २००० ते २०१२ या काळात जगातील २३ लाख चौरस किलोमीटर वृक्षाच्छादन गेल्याचे त्यात दिसले.

आता अडचण पाहा. या नकाशाचा एक ठिपका ३० मीटर लांबी-रुंदीचा. पाच मीटरहून उंच झाडे गेली एवढेच तो सांगतो. तेथे जंगल होते की कुणाची आमराई, हे सांगत नाही. म्हातारी आमराई तोडून नवी कलमे लावणारा शेतकरीही त्यात जंगलतोड्यासारखाच दिसू शकतो. कायद्यात शेतीच्या जमिनीला जंगल म्हटलेले नाही, पण ती शेतीची आहे हे दाखवणार कोण? जबाबदारी युरोपच्या आयातदाराची. तो निर्यातदाराला विचारतो, निर्यातदार लाकूडवाल्याला. या खटाटोपाची मजुरी कारागिराला कोण देणार, हा प्रश्न वेगळाच.

लाकूड घेतानाच शेतकऱ्याच्या खतौनीची नक्कल घ्यावी आणि झाडापाशी उभे राहून मोबाईलवर अक्षांश-रेखांश टिपून बिलाला जोडावेत. दशांश चिन्हापुढे सहा आकडे हवेत. फांद्या पडल्यावर, ट्रक निघून गेल्यावर ती जागा पुन्हा सापडत नाही.