जुन्या जाहिराती व त्यांवरील स्वामित्वहक्क

व्यापाऱ्याचा इतिहास ग्रंथांतून क्वचितच सापडतो. तो सापडतो जुन्या खतावण्यांत, बिलांच्या माथ्यावरील चित्रांत, भिंतीवरच्या दिनदर्शिकांत आणि वर्तमानपत्रांतील जाहिरातींत. सुदैवाने अलीकडे आपल्या समाजातील तरुण मंडळी असे कागद जमवू लागली आहेत. आपापल्या पेढीच्या वर्धापनदिनी किंवा अशाच एखाद्या स्मरणिकेत ते पुन्हा छापावे, अशी इच्छा त्यांना होते. इच्छा स्तुत्य आहे. परंतु त्याच वेळी एक प्रश्न उभा राहतो. जुनी जाहिरात कोणाच्या मालकीची? ती छापण्यास कोणाची अनुज्ञा लागते काय? या विषयी सभासद बंधुभगिनींना थोडक्यात माहिती द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम एक सर्वसाधारण गैरसमज दूर करू. कागद आपल्या कपाटात आहे म्हणून त्यावरील चित्राचा हक्क आपला होत नाही. अडत्याच्या गोदामात शंभर पोती पडलेली असली तरी माल शेतकऱ्याचाच असतो, हे आपणांस कोणी शिकवावयास नको. जाहिरातीचेही तसेच आहे. कागद ही एक वस्तू, आणि त्यावरील चित्र वा मजकूर पुनश्च छापण्याचा हक्क ही दुसरी. या दुसऱ्या हक्कास स्वामित्वहक्क, म्हणजेच कॉपीराइट, असे म्हणतात. जाहिरात हे केवळ बाजारी काम, त्याला कसला हक्क, असेही कित्येक म्हणतात. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९०३ साली सर्कशीच्या भित्तिपत्रकांच्या खटल्यात या शंकेचे निरसन केले. चित्र जाहिरातीसाठी काढले एवढ्याने त्याचे संरक्षण जात नाही, असा तो निर्णय होता. आपल्या कायद्यातही जाहिरातीतील चित्र ही कलाकृती व मजकूर ही साहित्यकृती ठरू शकते.

आपल्या देशात १९१४ च्या कायद्यानंतर १९५७ चा कायदा आला व तो २१ जानेवारी १९५८ पासून अमलात आहे. त्यात हक्काची मुदत कर्त्याच्या निधनानंतर ५० वर्षे होती. १९९२ च्या दुरुस्तीने ती ६० वर्षे झाली. ही मुदत निधनाच्या पुढील वर्षारंभापासून मोजतात. उदाहरणार्थ, चित्रकार महादेव विश्वनाथ धुरंधर १९४४ साली निवर्तले. त्यांच्या चित्रांवरील हक्क २००४ अखेर संपला. दीनानाथ दलाल यांचे निधन १९७१ चे, म्हणून त्यांच्या चित्रांवरील हक्क २०३१ अखेरपर्यंत चालेल. ज्यांची देवदेवतांची चित्रे घरोघरच्या दिनदर्शिकांवर झळकली, ते रघुवीर मुळगावकर १९७६ साली गेले; तेथे २०३६ अखेरपर्यंत थांबावे लागेल. कर्त्याचे नावच दिलेले नसेल व ते पुढेही उघड झाले नसेल, तर प्रसिद्धीपासून ६० वर्षे मोजतात. १९६० सालच्या निनावी जाहिरातीची मुदत अशा रीतीने २०२० अखेर सरली. यास्तव चित्राच्या कोपऱ्यातील बारीक सही प्रथम वाचावी.

“जाहिरात आमच्या आजोबांनीच दिली होती, मग विचारावयाचे कोणाला?” असे कोणी म्हणेल. येथे थोडा तारतम्यभाव हवा. मोबदला देऊन काढवून घेतलेले छायाचित्र वा रंगचित्र, उलट करार नसल्यास, काढवून घेणाऱ्याच्याच मालकीचे ठरते. पगारी नोकराने नोकरीच्या ओघात केलेले काम धन्याचे असते. परंतु बाहेरच्या लेखकाने वा जाहिरात संस्थेने रचलेला मजकूर लेखी हस्तांतराविना आपला होत नाही. तसेच छापखान्याकडून तयार चित्रांच्या दिनदर्शिका घेऊन खाली दुकानाचे नाव उमटविण्याची चाल आपल्याकडे सर्वत्र आहे. तेथे नाव तेवढे आपले. चित्र छापखान्याचे किंवा चित्रकाराचे.

हक्क जिवंत असतानाही कायद्याने काही वाटा मोकळ्या ठेविल्या आहेत. कलम ५२ अन्वये खाजगी अभ्यास व संशोधन, टीका किंवा परीक्षण, आणि चालू घटनांचे वृत्त यांसाठी न्याय्य वापर करता येतो. किती भाग घेतल्यास चालेल, याचे माप कायद्यात दिलेले नाही. केरळ उच्च न्यायालयाने १९९६ साली एका नाटकाच्या खटल्यात तीन कसोट्या सांगितल्या: आपल्या विवेचनाच्या मानाने किती व कोणत्या मोलाचा भाग घेतला, कोणत्या हेतूने घेतला, आणि मूळ कृतीशी स्पर्धा होण्याचा संभव आहे काय. यावरून असे दिसते की, जुन्या जाहिरातीतून त्या काळचे भाव, भाषा व व्यापाराची रीत उलगडून दाखविणारा लेख लिहिला आणि त्यापुरतेच चित्र दिले, तर बाजू बळकट असते. तेच चित्र नुसते शोभेसाठी मुखपृष्ठावर घातले किंवा त्याच्या प्रती विकल्या, तर ती दुबळी होते. खाली कर्त्याचे नाव छापणे हे सौजन्य खरेच. पण नाव छापले म्हणजे अनुज्ञा मिळाली, असे नव्हे.

आणखी एक भेद ध्यानी ठेवावा. व्यापारचिन्हाचा कायदा निराळा आहे. त्याची नोंदणी दर १० वर्षांनी नवी करीत राहिल्यास ती कधीच संपत नाही. म्हणून चित्राची मुदत संपली तरी त्यातील परक्याचा मार्का आपल्या मालावर लावता येणार नाही. इतिहास म्हणून दाखविणे वेगळे, आणि त्या नावावर माल खपविणे वेगळे.

तेव्हा छापण्यापूर्वी वर्ष पाहावे, सही पाहावी, करारपत्र शोधावे. हक्कदार सापडल्यास दोन ओळींचे पत्र लिहून लेखी संमती घ्यावी व ते पत्र खतावणीइतकेच जपावे. न दिलेले घेणे याला आपल्या व्रतांत अदत्तादान म्हटले आहे. कायदाही येथे त्याहून फारसे वेगळे सांगत नाही. मात्र कायद्याच्या भयाने हे कागद रद्दीत जाऊ देऊ नयेत. जपण्यास व अभ्यासण्यास कोणाची मनाई नाही, आणि आज ज्या जाहिरातीचा हक्क जिवंत आहे तोही एके दिवशी संपेल. त्या दिवशी मूळ कागद शिल्लक असणे, हे आपल्या हाती आहे.